औषधाला पेशीचं कवच

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना एक अवघड नाव तोंडपाठ झालं होतं: लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. करोनातून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठलं होतं. बुरशी नाकाच्या पोकळीतून डोळ्यांकडे आणि मेंदूकडे सरकत होती आणि नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या शहरातून त्या शहरात वणवण करत होते. साठ किलो वजनाच्या माणसाला किलोमागे पाच मिलिग्रॅम या हिशेबाने रोज ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात, आणि त्याही अनेक दिवस. देशात सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत गुजरात आणि महाराष्ट्र होते. केंद्राने हा आजार नोंदणीसक्तीचा करायला राज्यांना सांगितलं आणि जूनमध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्यावर आणला.

यातलं मूळ औषध १९५० च्या दशकापासून वैद्यकाला ठाऊक आहे आणि त्याचं साधं रूप कितीतरी स्वस्त आहे. पण साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना इजा करतं, सलाइन सुरू असतानाच थंडी वाजून ताप भरतो. म्हणून लोक जिवाच्या आकांताने शोधत होते ते मेदाच्या सूक्ष्म आवरणात बसवलेलं अँफोटेरिसिन. रेणू तोच, पण आवरणामुळे त्याचं शरीरातलं वागणं बदललेलं.

हे आवरण माणसाने निसर्गाकडून उचललं आहे. आपली प्रत्येक पेशी मेदाच्या पातळ पटलात गुंडाळलेली असते आणि पेशीच्या आत तसल्याच पटलाच्या पोकळ पुटिका माल इकडून तिकडे नेत असतात. या पुटिकांची नक्कल करून त्यांत औषध भरण्याचा उद्योग गेली पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. त्यातून काय हाती लागलं, काय अजून निसटतं आहे आणि पुढे कुठे लक्ष द्यायला हवं, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या पुटिका जिथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडल्या, तिथे त्या शरीराच्या रुळलेल्या वाटेनेच गेल्या. शरीराला चकवून हवी ती पेशी नेमकी गाठण्याचं वचन मात्र अजून बव्हंशी वचनच आहे.

पटलाची ओळख

१९२५ साली हॉलंडमधल्या लायडनमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला मेद ॲसिटोनने वेगळा काढला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एका रेणूइतक्या जाडीचा पसरवला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरली. म्हणजे पटलात मेदाचे दोन थर असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे लक्षात आलं की ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना सावरलं आणि निष्कर्ष बरोबर ठरला.

या पटलातला मुख्य घटक फॉस्फोलिपिड. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. पाण्यात सोडल्यावर हे रेणू आपणहून दोन थरांत उभे राहतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. अशा चादरीची कड उघडी राहिली तर शेपट्यांना पाणी लागतं, म्हणून चादर मिटून गोल होते. भिंतीची जाडी चार-पाच नॅनोमीटर. ती रचायला कारागीर लागत नाही, हेच या सगळ्या तंत्राचं भांडवल.

केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम इथल्या संस्थेत ॲलेक बँगहॅम आणि आर. डब्ल्यू. हॉर्न यांनी अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनसारखे मेद पाण्यात फुगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथे एकात एक बसलेली वर्तुळं दिसली, आणि ती पेशीपटलाच्या चित्राशी विलक्षण जुळत होती. हा निबंध १९६४ चा. पुढच्याच वर्षी बँगहॅम, स्टँडिश आणि वॉटकिन्स यांनी दाखवलं की या गोलांच्या आत अडकलेले आयन लगेच बाहेर पडत नाहीत, हळूहळू झिरपतात. म्हणजे या गोलांना खरोखरीचं ‘आत’ होतं. लायपोसोम हे नाव जेराल्ड वाइसमन यांनी सुचवलं.

औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आजही लायपोसोम याच रीतीने पहिल्यांदा बनवतात. सोयाबीनचं किंवा अंड्याचं लेसिथिन आणि थोडं कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं. फ्लास्क कोमट पाण्यात फिरता ठेवून निर्वातात क्लोरोफॉर्म उडवायचा. आतल्या काचेवर जेमतेम दिसेल असा पातळ थर उरतो. त्यात औषधाचं पाणी घालून फ्लास्क फिरवत राहिलं की थर सुटू लागतो आणि पाणी दुधाळ होतं. त्या दुधाळपणात असंख्य पुटिका असतात, लहानमोठ्या, एकीत दुसरी अडकलेल्या. सारख्या मापाच्या हव्या असतील तर तो द्रव बारीक छिद्रांच्या पापुद्र्यातून दाबून पुन्हा पुन्हा गाळावा लागतो. पुटिका घडवणं सोपं आणि सारख्या घडवणं कठीण, ही अडचण पहिल्या दिवसापासून आजतागायत कायम आहे.

औषध आत कसं राहतं

लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी १९७१ च्या सुमारास लायपोसोममध्ये विकर भरून उंदरांना टोचले. ते कुठे जातात हे पाहिलं तर बहुतेक माल यकृतात आणि प्लीहेत सापडला. रक्तात शिरलेला परका कण उचलून गिळणं हे तिथल्या भक्षकपेशींचं रोजचं काम, आणि लायपोसोम त्यांच्या तावडीत आयतेच सापडत होते. ज्यांना औषध कर्करोगाच्या गाठीपर्यंत न्यायचं होतं त्यांच्यासाठी हा मोठा अडथळा होता. ॲलिसन आणि ग्रेगोरियाडिस यांनी मात्र १९७४ मध्ये याच गुणाचा उपयोग दाखवला. लायपोसोमवर बसवलेल्या प्रतिजनाला शरीर जोरदार प्रतिसाद देतं, कारण गिळणाऱ्या पेशीच प्रतिकारशक्तीला खबर देतात. आज नागिणीवरच्या शिंग्रिक्स लसीत आणि मलेरियावरच्या आरटीएस,एस लसीत प्रतिसाद वाढवणारा जो घटक आहे, तो लायपोसोमच्या पायावर उभा आहे.

कर्करोगासाठी मात्र भक्षकपेशींना टाळणं भाग होतं. इथे पुन्हा नजर रक्ताकडेच वळली. तांबडी पेशी जवळजवळ चार महिने भक्षकपेशींसमोरून फिरत राहते. तिच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्यांचा थर असतो. कॅनडातल्या थेरेसा ॲलन यांनी १९८० च्या दशकात तशा साखळ्या असलेला गँग्लिओसाइड लायपोसोमच्या भिंतीत घातला, तेव्हा पुटिका रक्तात जास्त वेळ टिकल्या. पुढे पॉलिएथिलीन ग्लायकॉल म्हणजे ‘पेग’ या स्वस्त कृत्रिम साखळीने तेच काम साधलं. नैसर्गिक घटक हुबेहूब घ्यायची गरज नव्हती. पाणी धरून ठेवणारा लवचिक थर पुरेसा होता.

तरी औषध आत भरणं आणि आत टिकवणं हा प्रश्न होताच. जेरुसलेममधल्या येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी कॅलिफोर्नियातल्या कंपनीबरोबर तो डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या कर्करोगविरोधी औषधापुरता सोडवला. हे औषध गुणकारी आहे, पण मात्रा साठत गेली की हृदयाचे स्नायू दुबळे होतात. त्यांनी पुटिकांच्या आत अमोनियम सल्फेट भरलं आणि बाहेरचं धुऊन काढलं. आतला अमोनिया भिंतीतून निसटतो आणि मागे आम्लता उरते. आता बाहेर डॉक्सोरुबिसिन घातलं की त्याचा विद्युतभाररहित रेणू भिंत ओलांडून आत जातो, आम्लतेत भारित होतो आणि सल्फेटशी जुळून सुईसारख्या स्फटिकात गोठतो. चक्रव्यूहातल्या अभिमन्यूसारखी त्याची गत होते, शिरण्याची वाट आहे पण परतीची नाही. सुमारे १०० नॅनोमीटरच्या एकेका पुटिकेत या रीतीने औषधाचे दहा हजारांहून अधिक रेणू मावतात. साधं डॉक्सोरुबिसिन रक्तातून काही मिनिटांत ऊतींत पसरतं, तर पुटिकेतलं दोन दिवसांहून अधिक काळ रक्तात राहतं.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘डॉक्सिल’ नावाने त्याला मान्यता दिली. मान्यता मिळालेलं हे पहिलं नॅनो-औषध मानलं जातं. हृदयावरचा घाला खूप कमी झाला. त्याच्या बदल्यात एक नवा त्रास आला. पुटिका दीर्घकाळ रक्तात फिरत राहिल्याने तळहात आणि तळपाय लाल होतात, सोलवटतात, चुरचुरतात. एका इंद्रियाचा भार हलका झाला आणि दुसऱ्यावर थोडा पडला. रुग्णाला हा सौदा परवडतो, पण तो सौदाच आहे हे डॉक्टरांनी आणि आपण विसरू नये.

त्यानंतर या कुळातली बरीच औषधं आली. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी लायपोसोमल इरिनोटेकन (२०१५). रक्ताच्या एका आक्रमक कर्करोगासाठी सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ५:१ या प्रमाणात एकाच पुटिकेत बसवलेलं औषध (२०१७). फुप्फुसातल्या चिवट जंतुसंसर्गासाठी श्वासावाटे घ्यायचं लायपोसोमल अमिकासिन (२०१८). शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी हळूहळू सुटणारं बुपिव्हाकेन. यादी लांबवता येईल, पण साऱ्यांचं तत्त्व एकच आहे. औषध जुनंच, त्याचा वेग आणि वाट नवी.

जिथे अडथळाच वाट झाला

या साऱ्या इतिहासातलं मला सर्वांत शिकवणारं प्रकरण बिहारमधलं आहे. काला आजार लिशमॅनिया या परजीवीमुळे होतो आणि सँडफ्लाय माशी चावून पसरतो. प्लीहा पोटात हाताला लागेल एवढी वाढते, ताप हटत नाही, अंगातलं रक्त कमी होतं, आणि उपचार झाले नाहीत तर रुग्ण बहुधा दगावतो. रुग्ण मुख्यतः गरीब, मातीच्या घरांत राहणारे, मजुरीवर पोट असणारे. अँटिमनीच्या जुन्या औषधाला बिहारमधला परजीवी दाद देईनासा झाला होता. साधं अँफोटेरिसिन चालत होतं, पण त्याला एक दिवसाआड पंधरा सलाइन लागत. म्हणजे जवळपास महिनाभर रुग्णालयात मुक्काम, मजुरी बुडालेली आणि मूत्रपिंडांवर सतत लक्ष.

आता या परजीवीचा मुक्काम कुठे असतो ते पाहा. तो प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या भक्षकपेशींच्या आत राहतो. ज्या पेशी लायपोसोम गिळून टाकतात म्हणून संशोधक वैतागले होते, त्याच या पेशी. इथे कुठलंही दिशादर्शक प्रथिन चिकटवायला नको की वेषांतर नको. शरीर नेहमीप्रमाणे पुटिका गिळतं आणि औषध आपसूक परजीवीच्या दाराशी येतं. लायपोसोमल अँफोटेरिसिनमध्ये औषध पुटिकेच्या पोकळीत नसून तिच्या भिंतीतच रुतलेलं असतं. बुरशीच्या आणि लिशमॅनियाच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉलसारख्या घटकांची त्याला जास्त ओढ असल्याने तिथे गेल्यावर ते भिंत सोडतं. माणसाच्या मूत्रपिंडातल्या पेशींना त्यामुळे झळ कमी पोहोचते.

बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूरमध्ये ४१२ रुग्णांवर केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला किलोमागे १० मिलिग्रॅम लायपोसोमल औषध एकाच सलाइनमधून दिलं, दुसऱ्या गटाला महिनाभराचा जुना उपचार. सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण अनुक्रमे ९५.७ टक्के आणि ९६.३ टक्के. परिणाम जवळपास सारखा आणि एक महिन्याच्या जागी एक दिवस. जागतिक आरोग्य संघटनेशी २०११ मध्ये झालेल्या करारानुसार उत्पादक कंपनीने पाच वर्षांसाठी ४ लाख ४५ हजार कुप्या दान द्यायचं ठरवलं आणि २०१४ पासून भारताच्या निर्मूलन कार्यक्रमात एका सलाइनचा हा उपचार मुख्य उपाय झाला. शेजारच्या बांगलादेशाने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून काला आजार संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्य केलं. माशीविरोधी फवारणी आणि घरोघरची रुग्णशोध मोहीम यांचाही त्यात मोठा वाटा आहे, पण एका दिवसात रुग्णाला घरी पाठवणारं औषध हाताशी नसतं तर ही मजल अवघड होती.

पेशीचा वेष घेतलेले कण

नवी पिढी पेशीची नक्कल करण्याऐवजी तिचं पटलच काढून घेते. सान डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिआंगफांग झांग यांच्या गटाने २०११ मध्ये तांबड्या पेशींचं पटल सोलून ते सूक्ष्म बहुवारिक कणांवर चढवलं. त्या पटलावर सीडी४७ हे प्रथिन असतं आणि ते पाहून भक्षकपेशी कण गिळायचं टाळते. त्याच गटाने २०१३ मध्ये आणखी मनोरंजक उपयोग दाखवला. अनेक जंतूंची विषं तांबड्या पेशींच्या पटलाला भोकं पाडतात. पटल चढवलेले कण रक्तात सोडले की विष खऱ्या पेशीऐवजी या कणांवर जाऊन अडकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत याने जीव वाचले. इथे कण औषध वाहत नाही, पेशीच्या जागी स्वतः वार झेलतो. विष नेमकं कोणत्या जंतूचं हे ओळखायची गरजच उरत नाही, ही त्यातली मोलाची बाब.

प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका इजा झालेल्या रक्तवाहिनीला चिकटतात, म्हणून त्यांचं पटल जखमी रक्तवाहिन्यांसाठी वापरून पाहिलं गेलं. पांढऱ्या पेशी सुजलेल्या ऊतींकडे धाव घेतात. ह्यूस्टनमध्ये एन्निओ ताशोत्ती यांच्या गटाने २०१६ मध्ये पांढऱ्या पेशींची पटलप्रथिनं कृत्रिम लायपोसोमच्या भिंतीत विणली. अख्खं पटल सोलण्यापेक्षा ही रीत मला अधिक आश्वासक वाटते, कारण पुटिकेचा मूळ साचा लायपोसोमचा म्हणजे चांगला परिचित राहतो आणि निसर्गाकडून फक्त हवं तेवढंच घेतलं जातं.

फुप्फुसांच्या बाबतीत आयआयटी मुंबईत रिंटी बॅनर्जी यांनी केलेलं काम याच विचाराचं आहे. फुप्फुसातले वायुकोश मिटू नयेत म्हणून शरीर सर्फॅक्टंट नावाचा मेद तयार करतं. त्याच्यासारख्या वागणाऱ्या नॅनोपुटिका फवाऱ्याने फुप्फुसात नेण्यावर त्यांच्या गटाने काम केलं. तिथे पुटिका हीच वाहक आणि तीच औषधाचा भाग, असा दुहेरी लाभ आहे.

जंतूही पुटिका सोडतात. मेनिंजायटिसच्या ‘बी’ गटाच्या जंतूंनी बाहेर टाकलेल्या बाह्यपटलाच्या पुटिका क्यूबा आणि न्यूझीलंडमधल्या लसींचा आधार झाल्या. पुढे युरोपात २०१३ मध्ये मान्य झालेल्या बेक्ससेरो लसीत न्यूझीलंडमधल्या जंतुवाणाच्याच पुटिका आहेत. निसर्गाची पुटिका जशीच्या तशी वापरून उभं राहिलेलं यश शोधायचं तर ते लसींच्या क्षेत्रातच सापडतं.

एक्सोसोम: आशा आणि बाजार

१९८३ मध्ये सेंट लुइस आणि मॉन्ट्रियल इथल्या दोन गटांनी अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करताना पाहिलं की या पेशी नको असलेली ट्रान्सफेरिनची ग्राहीप्रथिनं छोट्या पुटिकांत भरून बाहेर टाकतात. या पुटिका म्हणजेच एक्सोसोम. बरीच वर्षं त्यांना पेशीचा कचरा समजलं गेलं. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रतिकारपेशींच्या एक्सोसोमवर प्रतिजनं असतात आणि ती दुसऱ्या पेशींना जागं करतात. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गटाला त्यांच्यात आरएनए सापडला. पेशी एकमेकींना निरोप धाडतात असं चित्र उभं राहिलं आणि संशोधनाला उधाण आलं. पेशीच्या आतल्या पुटिका-वाहतुकीची यंत्रणा उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि झ्यूडहोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं, त्यानेही या विषयाकडे लक्ष वळलं.

ऑक्सफर्डच्या गटाने २०११ मध्ये उंदराच्या शिरेतून दिलेले एक्सोसोम मेंदूत आरएनए पोचवतात असं दाखवलं. टेक्सासमध्ये २०१७ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगातलं सदोष जनुक दाबणारे एक्सोसोम उंदरांत परिणामकारक ठरले. पण घोडं पेंड खातं ते उत्पादनात. पेशी वाढवून एक्सोसोम गोळा करायचे तर हाती थोडेच येतात. ते आकाराने आणि आतल्या मालाने एकसारखे नसतात, आणि आत नेमकं काय आहे हे दर खेपेला नव्याने तपासावं लागतं. एक्सोसोमवर उभारलेल्या अमेरिकेतल्या एका ठळक कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून अनेक गट आता कृत्रिम लायपोसोम आणि नैसर्गिक एक्सोसोम यांचा संकर करू पाहतात.

विज्ञान इथे चाचपडत असताना बाजार मात्र पुढे पळतो आहे. चेहरा उजळण्यापासून गुडघेदुखीपर्यंत एक्सोसोमची इंजेक्शनं विकली जातात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात अशी उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला आणि मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम उत्पादन नाही, हे स्पष्ट सांगितलं. ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विश्वास टाकून असलं इंजेक्शन घेऊ नये, असं मी वाचकांना कळकळीने सांगेन. आत काय आहे आणि किती आहे हे विक्रेता सांगू शकत नसेल तर ते औषध नव्हे.

निरोप वाहणारे कण

करोनाच्या एमआरएनए लसींमुळे मेदाचे नॅनोकण घराघरांत पोचले. हे कण काटेकोर अर्थाने पाण्याने भरलेल्या पुटिका नाहीत, त्यांचा गाभा मेद आणि आरएनए यांच्या मिश्रणाचा असतो. पण वंश लायपोसोमचाच, आणि कॅनडात व्हँकुव्हरला पीटर कलिस यांच्यासारख्यांनी लायपोसोमवर केलेल्या दीर्घ कामातूनच ते घडले.

यातली युक्ती आम्लतेवर बेतलेली आहे. रक्ताची पीएच ७.४ च्या आसपास असते. तिथे या कणांतला मुख्य मेद जवळजवळ उदासीन राहतो, म्हणून रक्तपेशींना झोंबत नाही. पेशीने कण गिळला की तो एंडोसोम नावाच्या पुटिकेत अडकतो आणि तिची आम्लता वाढत जाते. तिथे हा मेद धनभारित होतो, एंडोसोमच्या ऋणभारित पटलाशी भिडतो, ते विस्कटतं आणि आरएनए पेशीद्रवात उतरतो. मोजमापांनुसार आतवर गेलेल्यापैकी एक-दोन टक्के आरएनएच बाहेर सुटतो. बाकीचा माल पेशी पचवून टाकते. तेवढ्यावरही काम भागतं, यावरून निसर्गाची निरोपव्यवस्था किती काटकसरी आहे ते कळतं.

२०१८ मध्ये मान्य झालेलं पॅटिसिरान हे लहान आरएनएचं पहिलं औषध याच कणांतून यकृताकडे जातं. ते तिथे का जातं हे पाहण्यासारखं आहे. रक्तात शिरताच कणांवर ॲपोलिपोप्रोटीन-ई हे आपल्याच रक्तातलं प्रथिन येऊन बसतं. एरवी ते मेद वाहणाऱ्या नैसर्गिक कणांवर असतं आणि यकृताच्या पेशी त्याला ओळखून कण आत घेतात. पत्ता संशोधकाने लिहिलेला नाही, शरीराने लिहिला आहे. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी यकृतातल्या एका विकराच्या जन्मजात अभावाने आजारी असलेल्या बाळासाठी, फक्त त्याच्याच जनुकातला दोष दुरुस्त करणारं औषध सुमारे सहा महिन्यांत बनवलं. ते मेदकणांतून दिलं गेलं, आणि मात्रा पुन्हा देता आली. विषाणूच्या वाहकात हे कठीण असतं, कारण शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं.

अपुरं राहिलेलं वचन

कर्करोगाच्या गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून नॅनोकण तिथे साचतात, ही कल्पना जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडली. तिच्यावर हजारो निबंध उभे राहिले. टोरांटोच्या वॉरन चान यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक ०.७ टक्के निघाला. तोही मुख्यतः उंदरांत, जिथे गाठ शरीराच्या मानाने भलीमोठी असते. माणसांत तर एका रुग्णाची गाठ गळकी असते आणि दुसऱ्याची नसते. आकडा कानाला बोचतो, पण डॉक्सिलने जे साधलं ते हृदयाला वाचवून साधलं, हे ध्यानात घेतलं की त्याचा अर्थ लागतो. पुटिकेचं मोठं काम औषधाला अपायाच्या जागेपासून दूर ठेवणं हे आहे.

दुसरी अडचण पेगची. तो निरुपद्रवी समजला गेला, पण काही जणांत त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढची मात्रा रक्तातून लवकर नाहीशी होते. काही रुग्णांना सलाइन सुरू होताच छातीत दडपण येतं, चेहरा लाल होतो, धाप लागते. म्हणून अशी औषधं पहिल्यांदा सावकाश, समोर बसून दिली जातात.

तिसरी अडचण कारखान्यातली. २०११ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल बनवणाऱ्या कंत्राटी कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि कर्करुग्णांचे उपचार खोळंबले. २०१२ च्या फेब्रुवारीत एफडीएने तात्पुरती सवलत देऊन मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या ‘लिपोडॉक्स’ची आयात करू दिली आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. पुटिकेचं जेनेरिक बनवणं साध्या गोळीइतकं सोपं नसतं. रेणू तोच असून चालत नाही. आकार, भिंत, आतला स्फटिक आणि गळण्याचा वेग हे सगळं जुळावं लागतं.

आपल्या हाती काय आहे

या विद्येत आपण नवखे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात प्रा. बिमलकुमार बच्छावत यांच्या गटांनी भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिन घडवलं आणि ते ‘फंगीसोम’ नावाने बाजारात आलं. परदेशी औषधापेक्षा त्याची मात्रा कमी ठेवली जाते, मात्र देण्याआधी कुपीला ध्वनिलहरींनी हलवून पुटिका नीट कराव्या लागतात. पुण्याच्या जेनोवा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली. ती २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या लसींच्या फ्रिजमध्ये राहते. उणे ७० अंशांची साखळी ज्या देशाला परवडत नाही, त्याच्यासाठी हा सुधार कणाच्या रचनेइतकाच महत्त्वाचा आहे.

म्हणून पुढच्या कामाची दिशा मला स्पष्ट दिसते. शरीर ज्या इंद्रियांकडे पुटिका आपणहून नेतं, म्हणजे यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा आणि त्यांतल्या भक्षकपेशी, तिथले आजार आधी हाती घ्यावेत. क्षयाचा जंतूही भक्षकपेशींत दडतो, आणि क्षय हा आपलाच मोठा आजार आहे. श्वासावाटे देता येणाऱ्या पुटिकांवर त्यासाठी नेटाने काम व्हायला हवं. इतर अवयव गाठण्याचे प्रयत्न जरूर चालावेत. मेदाचं मिश्रण बदलून कण फुप्फुसाकडे वळवता येतात, हे टेक्सासमधल्या डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांत दाखवलंच आहे. पण उंदरातलं यश आणि रुग्णाला मिळालेला उपचार यांत फरक करायला आपल्या वृत्तपत्रांनी आणि विद्यापीठांनीही शिकलं पाहिजे.

पेशीपटलाची हुबेहूब प्रत काढणाऱ्यांपेक्षा त्यातला एक गुण अचूक उचलणारे आतापर्यंत पुढे गेले आहेत: मिटून गोल होणारा मेद, पाणी धरणारी साखळी, आम्लतेत बदलणारा भार. ज्या पुटिकेत एकच गुण आहे ती सारखी घडवता येते, तपासता येते आणि स्वस्तही करता येते. नव्या प्रत्येक पुटिकेला त्याच कसाला लावावं. ती जिल्हा रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये टिकते का, तिथली परिचारिका ती निर्धास्तपणे देऊ शकते का आणि मजुरी करणाऱ्या माणसाला ती परवडते का? संशोधनाचा पैसा आणि सरकारची खरेदी या कसोटीला बांधली, तर ही विद्या ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत जाईल.